वहिनी, तुझे ठिपके आणि माझी चक्कर

वहिनी, त्या घोड्याचं शेवटी काय झालं, ते तू ऐकलंच नाहीस.

त्या बुधवारी दुपारी मी तुझ्यासमोर उभी राहून बमरोलीतल्या वरातीचा घोडा करून दाखवत होते. नवरदेव वर बसलेला, घोडा पानाच्या टपरीपाशी खिळलेला, बँडवाले तेच गाणं चौथ्यांदा वाजवतायत आणि नवरदेवाचा मामा घोड्याच्या कानात विनवण्या करतोय. मी मामा केला, बँडवाला केला, घोड्यासारखं फुरफुरून दाखवलं. तू भिंतीला टेकून बसली होतीस, हातात चहाची बशी. पदरानं डोळे पुसत हसत होतीस. मग हसायची थांबलीस. मला वाटलं, मामा नीट जमला नाही. म्हणून मी आणखी जोर लावला. मान झटकली, पाय आपटले, खालच्या मजल्यावरची बाई वर बघायला आली एवढे आपटले. बशी कलंडली तेव्हासुद्धा मी म्हणाले, अगं, चहा सांडला ना.

किती वेळ मी एकटीच खेळ करत होते कोण जाणे. एक मिनिट असेल, चार असतील. गल्लीतले डॉक्टर आले, नाडी बघितली, डोळे बघितले, मान हलवली. दादा कापडाच्या लूमवरून धावत आला होता, अंगावर सगळा कापसाचा भुगा. सगळे डॉक्टरांना काहीबाही विचारत होते. मी काय विचारलं ठाऊक आहे? विचारलं, मी घोडा केला म्हणून असं झालं का हो? ते म्हणाले, नाही, हृदय बंद पडलं, कुणाच्या हातात नव्हतं. तरी मी त्यांना घोडा कसा केला ते सांगायला लागले. मला धरून बाजूला बसवलं.

आजही स्वयंपाकघरात भांडं वाजलं की वाटतं, तू आहेस. मी काहीतरी सांगायला तोंड उघडते आणि तसंच मिटते. वहिनी, अठ्ठेचाळीस वर्षांची झाले मी, माझं तोंड आपणहून मिटल्याचं तू तरी पाहिलंयस का?

तू आमच्या घरात आलीस तेव्हा मी दहा वर्षांची. अमळनेरकडचं आमचं गाव, मातीचं घर, आणि आल्याबरोबर पहिल्याच नागपंचमीला आईनं तुला भिंतीपुढे बसवलं. गेरूनं सारवलेली लालभडक भिंत, वाटीत तांदळाचं पीठ कालवलेलं, बाजरीची एक काडी. आईनं तुझं मनगट धरलं आणि पहिला ठिपका तुझ्या हातानं ठेवला. तिच्या सासूनं तिचं असंच धरलं होतं, आणि त्या सासूचं तिच्या सासूनं. आमच्या घरात असंच. मनगट धरल्याशिवाय भिंत कुणाची होत नाही. मग पाच नाग निघाले, मधे वारूळ, सगळं ठिपक्यांचं, एकही रेघ सलग नाही. मी दारात उभी राहून डोळे फाडून बघत होते. सगळं झालं, मधल्या मोठ्या नागाची फडी तेवढी रिकामी राहिली, आणि आई माझ्याकडे न बघताच म्हणाली, "पोर, शेजारथीन लाह्या लई ये."

मी लाह्या घेऊन आले तोवर फडी भरलेली होती आणि तिच्यापुढे निरांजन, फुलं, दुधाची वाटी. जवळ जाऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे भिंतीचा तेवढा भाग सारवून टाकलेला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या वर्षी मी लाह्या आधीच आणून पदराखाली लपवून ठेवल्या, तर आईनं दूध आणायला पाठवलं. फडीतले ठिपके सुनेचे. लेक लग्न होऊन दुसऱ्याच्या घरी जाणार, जाताना भिंत घेऊन जाईल, ही आईची भीती. माझं लग्न होईपर्यंतच काय, नंतरही मी ती फडी हाताच्या अंतरावरून एकदाही पाहिली नाही. घर माझं, आई माझी, आणि भिंत तुझी. त्यावरून मी तुला किती छळलं. तुझ्या पिठाच्या वाटीत मीठ टाकलं, तुझी बाजरीची काडी मोडून ठेवली. तू दुसरी काडी घ्यायचीस आणि म्हणायचीस, "जाऊ दे व माय, लहान आहे ती." तू तेव्हा सतरा वर्षांची होतीस.

मग आपण सगळे पाठोपाठ सुरतेत आलो. आधी दादा, मग तू, दोन वर्षांनी मी आणि माझा नवरा, दोन गल्ल्या सोडून. तुझ्या तीन खोल्या बदलल्या, पहिल्या खोलीच्या मालकानं ऑइल पेंटच्या भिंतीवर गेरू लावला म्हणून आकाशपाताळ एक केलं, तरी दर नागपंचमीला भिंत निघालीच. बाजरीच्या काडीच्या जागी काडेपेटीची काडी आली, एवढाच काय तो फरक. मीही यायचे दर वर्षी. आई नव्हती, तरी फडी रिकामी राहिली की मी न सांगता उठायचे आणि म्हणायचे, चला, आमची लाह्यांची वेळ झाली. तू हसायचीस. थांब मात्र कधी म्हणाली नाहीस.

तुला ट्रेसिंगचं काम मिळवून दिलं ते मीच, हे मी उभ्या सुरतेला सांगितलंय, आता तुला एकदा शेवटचं सांगते. साडीच्या छपाईत जितके रंग तितक्या जाळ्या, आणि प्रत्येक जाळीसाठी वेगळी पारदर्शक फिल्म. डिझाइनमधला फक्त लाल भाग एका फिल्मवर काळ्या शाईनं उतरवायचा, फक्त पिवळा दुसऱ्या. ठिपक्यांचं डिझाइन आलं की भल्याभल्यांचे हात थरथरायचे. हसमुखभाईंच्या डिझाइन स्टुडिओत मी चहाच्या निमित्तानं गेले आणि ठोकून दिलं की आमच्या वहिनीनं ठिपके काढले की मुंग्या येऊन रांग शिकून जातात. त्यांनी एक फिल्म पाठवली. तुझं काम बघून दुसऱ्या दिवशी पाच पाठवल्या. काचेचं टेबल, खाली ट्यूबलाइट, आणि त्यावर वाकलेली तू. बारा वर्षं तू ते घरी बसून केलंस.

आणि मग ते कॅलेंडर आलं.

सुरतेत प्लेग आला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. हसमुखभाईंच्या मेहुण्यानं ऑस्ट्रेलियाहून पाठवलेलं, त्यातलं एक पान. तपकिरी, पिवळे, पांढरे हजारो ठिपके, त्यांत गोलात गोल, गोलांभोवती वाकलेल्या छोट्या रेघा. हसमुखभाई स्वतः तुझ्या खोलीवर आले, असं कधी व्हायचं नाही. पान उलगडून म्हणाले, "मंदाबेन, आ डिझाइन तो मार्केटमां आग लगाडशे." माझ्याशीच बोलले, कारण तू बोलायची नाहीस आणि मी थांबायची नाही. मी तुझ्या वतीनं हो म्हणून टाकलं. सात रंग, सात फिल्म, आठ दिवस.

तू दोन दिवस ते पान टेबलावर ठेवून नुसतं बघत बसलीस. ट्यूबलाइट लावला नाहीस. तिसऱ्या दिवशी मला बोलावून तुझी काडी त्या पानावर फिरवलीस आणि सांगितलंस की हे एकटीचं काम नाही, इथवर एकीचा हात आहे, इथून दुसरीचा. ही म्हातारी असावी, हिचे ठिपके बसके आहेत. ही तरुण, हिला घाई आहे. ह्या मांडीला मांडी लावून बसल्या असणार. मला तर सगळे ठिपके सारखेच दिसत होते. मी म्हणाले, वहिनी, तुला डोळ्यांचा डॉक्टर दाखवू या.

पानाच्या खाली बारीक इंग्रजी होतं. तुझी ज्योती तेव्हा नववीत, गुजराती शाळेत, इंग्रजी एकेक शब्द खडे वेचल्यासारखं वाचायची. तिनं अर्धा तास घेऊन सांगितलं. वाळवंटातल्या बायांचं चित्र आहे. गोल म्हणजे पाण्याची जागा. वाकलेल्या रेघा म्हणजे भोवती बसलेल्या बाया. काढणारीला हे आजीकडून आणि आत्यांकडून मिळालंय, ज्यांना मिळालं त्यांनीच काढायचं. आणि जे सगळ्यांना दाखवायचं नसतं, ते ठिपक्यांखाली झाकून ठेवतात.

तू पान सरळ घडी घालून माझ्या हातात दिलंस.

"हे मी नाही उतरवणार. ह्यांचं मनगट कुणीतरी धरलंय, मंदे. माझं नाही धरलं."

मी काय काय केलं त्या दिवशी. आधी समजावलं, मग रडले, मग हसमुखभाईंची नक्कल केली, मग ऑस्ट्रेलिया किती लांब आहे ते हात पसरून दाखवलं, म्हणाले तिथली बाई इथे सुरतेत, पर्वत पाटियाच्या बाजारात साडी घ्यायला येणारे का? तू म्हणालीस, ती नाही येणार, पण मला दिसेल ना. मी म्हणाले, काम जाईल. तू म्हणालीस, जाऊ दे. मग मला राग आला आणि मी ते बोलले. "मनगट, मनगट. मनगट धरलं म्हणून स्वतःला फार समजतेस. माझ्या आईचं घर आहे ते." तू पदर खोचून भाकरी थापायला बसलीस. त्या वाक्याबद्दल मी तुझी माफी मागितली नाही. मागायला चार वर्षं होती, वहिनी. चार वर्षं मी तुला घोडे आणि मामे दाखवत बसले.

त्याहून वाईट गोष्ट मी आज लिहितेय. हसमुखभाईंकडे पान परत द्यायला मीच गेले. त्यांचं तोंड उतरलेलं बघून मला तुझ्या कामाची भीती वाटली. निदान मी स्वतःला तसं सांगितलं. म्हणाले, हसमुखभाई, ठिपकेच हवेत ना, मी देते. घरी येऊन दार लावलं आणि मोठ्या कागदावर आपली भिंत काढली. पाच नाग, मधे वारूळ. दारातून बघून बघून मला ती पाठ होती. फक्त फडी मला ठाऊक नव्हती. मधल्या नागाच्या फडीत मी एक फूल टाकलं. पाच पाकळ्यांचं, ज्ञान नसलेल्या माणसाचं फूल. हसमुखभाईंना ते फारच आवडलं. दुसऱ्याच कुणाकडून ट्रेस करून घेतलं, पलसाण्याच्या मिलमध्ये छापलं, आणि दोन महिन्यांत ती साडी हातगाड्यांवर होती. तुझं काम टिकलं. मी कुणालाच बोलले नाही. मी! जिला शिंक आली तरी गल्लीला कळतं.

दूरच्या बायांची भिंत तू कुणाला नेऊ दिली नाहीस आणि मी त्याच आठवड्यात आपल्या घरची नेऊन विकली. हे वाक्य मी चार वर्षं मनात घोळवलंय. आज पहिल्यांदा कागदावर उतरलं.

आणि मग तो दिवस. तू नि मी पर्वत पाटियाला, भाजी घेत होतो. समोरून एक बाई आली, कडेवर पोर, आणि अंगावर आपली भिंत. निळ्या जमिनीवर. पदर असा समोर पसरलेला, मधे माझं फूल. तू वांगी निवडत होतीस. तू मान वर करणार एवढ्यात मी काय करावं? मी हातातली पिशवी सोडली, डोळे फिरवले आणि रस्त्यात आडवी झाले. टोमॅटो चारी दिशांना. लोक जमले, कुणी कांदा हुंगायला लावला, भाजीवाल्यानं पाणी मारलं. मी एक डोळा किंचित उघडून ती बाई लांब गेली का ते बघत होते. रिक्षातून घरी आणलंस, लिंबूपाणी दिलंस, पाय चोळलेस. मी मनात म्हणाले, मंदे, हा तुझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर प्रयोग, आणि प्रेक्षकांना सांगता येत नाही.

त्यानंतर आपलं एकच भांडण उरलं, ते तुझ्या जाण्यापर्यंत चाललं. तुला मुलगा नाही. मुलगा नाही म्हणजे सून नाही. सून नाही म्हणजे भिंत तुझ्याबरोबर संपणार. मी म्हणायचे, ज्योतीचं मनगट धर. तू म्हणायचीस, लेकीला देत नाहीत, तुझ्याच आईचा नियम आहे. मी म्हणायचे, माझी आई खुळी होती. तू म्हणायचीस, बघू. प्रत्येक नागपंचमीला बघू. ज्योती अठरा वर्षांची झाली, गुजरातीत हिशेब करते, हिंदीत भांडते, आणि दर वर्षी माझ्याबरोबर लाह्या आणायला बाहेर जायची. दोघी जिन्यात बसून राहायचो, आत्या आणि भाची, घरच्या दोन लेकी, घराबाहेर. घोड्याच्या गोष्टीआधी, त्याच बुधवारी, मी पुन्हा विषय काढला होता. तू म्हणालीस, बघू. मग चहा ओतलास.

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी ज्योतीनं आणि मी तुझी पेटी उघडली. तुझ्या साड्या कुणाला द्यायच्या ते ठरवायचं होतं. मी वरवर विनोद करत होते, ही साडी त्या जाडीला बसणार नाही, ही दिलीस तर ती सात जणींना दाखवेल. सगळ्यात खाली तुझा लग्नातला शालू. शालूच्या घडीत काहीतरी निळं होतं. मी ओढलं.

वहिनी, ह्या वेळी चक्कर खरी होती.

ज्योतीनं मला धरून बसवलं. मला विचारावंच लागलं नाही, तीच म्हणाली, ही साडी आईनं खूप आधी घेतली, पर्वत पाटियाहून, तू पडली होतीस ना भाजीच्या गाडीपाशी, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. मी म्हटलं, तिनं तेव्हा पाहिली होती? ज्योती म्हणाली, "आई म्हणाली, आत्याला सांगू नकोस, तिला परत चक्कर येईल."

मी हसले. देवाशपथ, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, तुझी पेटी उघडी टाकून, मी हसले आणि ते हसू थांबेना आणि मग ते रडू झालं. ज्योती सांगत होती की तू साडी घरी आणून काचेच्या टेबलावर पसरलीस, ट्यूबलाइट लावलास आणि म्हणालीस, बघ, ठिपकेसुद्धा बडबड करतायत, हा हात मंदीचाच. तुला एका नजरेत कळलं होतं. वाळवंटातली म्हातारी ओळखलीस, मला ओळखणार नाहीस? आणि चार वर्षं तू माझ्या पायांना तेल चोळावं तशी माझ्याशी वागत राहिलीस. एक टोमणा नाही. दर नागपंचमीला माझ्या ताटात दिंडं वाढलीस, पुरणाची, तूप ओतून.

मी पदर उलगडला. निळ्या पदरावर पाच नाग, मधे वारूळ, मधल्या नागाच्या फडीत माझं फूल. पण फूल दिसत नव्हतं. त्याच्यावर पांढऱ्या दोऱ्यानं गाठी मारलेल्या होत्या. बारीक, घट्ट, एकाशेजारी एक. ठिपक्यांसारख्या गाठी. माझं फूल त्यांच्याखाली झाकून गेलं होतं.

फडी भरलेली होती.

त्या गाठी किती, कशा, कुठून सुरू होतात, ते मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते की सगळ्या एका दिवसात मारलेल्या नाहीत. सुरुवातीचा दोरा पिवळा पडलाय, शेवटचा नवाकोरा आहे. आणि शाईऐवजी दोरा का घेतलास, ते मला रात्रभर कळलं नाही, सकाळी कळलं. गाठी बोटाला लागतात. डोळे मिटून बोट फिरवलं तरी ते आपोआप एका गाठीवरून दुसरीवर जातं, कुणीतरी मनगट धरून नेल्यासारखं.

"बघू" म्हणत होतीस ना? म्हणजे हे करत होतीस. हे तोंडानं सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? मी रागावलेय वहिनी, खरंच रागावलेय. मी तुझ्यापुढे उभी राहून जगाच्या नकला केल्या, आणि तू माझ्यापासून एवढं मोठं गुपित लपवून नुसती हसत होतीस. मग आपल्या दोघींत नाटकी कोण?

दादा म्हणाला, यंदा घरात सण नाही. बरोबरच आहे. दिंडं नाहीत, झोका नाही, नवं लुगडं नाही. मी त्याला म्हणाले, भिंत म्हणजे सण नव्हे. तो उठून स्वतः गेरू घेऊन आला. अडतीस वर्षांच्या संसारात त्यानं त्या भिंतीला पहिल्यांदा हात लावला. एकट्यानं सारवली. वाकडीतिकडी, पण लाल.

काल नागपंचमी होती.

ज्योतीला भिंतीपुढे बसवलं. काडेपेटीची काडी तिच्या हातात दिली आणि मी तिचं मनगट धरलं. ते इतकं बारीक आहे, अगदी तुझं. पहिला ठिपका पडला, थोडा पसरला. ती म्हणाली, आत्या, किती घट्ट धरलंस. मी म्हणाले, असंच धरतात. नाग निघाले, वारूळ निघालं. तिचे ठिपके बसके आहेत, वहिनी, घाई नाही त्यांत. तू बघितलं असतंस तर हात ओळखला असतास. मधेच मी तिला घोड्याची गोष्ट पुरी सांगितली. शेवटी मामानं टपरीवरून एक पान घेऊन घोड्याला भरवलं, घोडा खुशीत निघाला तो नवरीच्या गल्लीऐवजी सरळ तबेल्यात, नवरदेव वरच, बँड मागे. ज्योती हसली. मी तिच्याकडेच बघत होते, ती हसायची थांबेपर्यंत, आणि थांबल्यावर पुन्हा श्वास घेईपर्यंत.

मग फडी रिकामी राहिली.

मी उठले. कुणी सांगितलं नव्हतं, पाय आपोआप उठले. वाटी घेतली, चप्पल घातली, दाराची कडी काढली. जिना समोर होता.

"आत्या, कुठे चाललीस? लाह्या इथेच आहेत. बस ना."

वहिनी, मी चप्पल काढली आणि आत येऊन बसले.